दमलेल्या राज्याची मोजणी

एका राज्यात सगळी माणसे दमलेली होती. राजा दमलेला होता, प्रधान दमलेला होता, पाणक्या दमलेला होता आणि पाणवठ्यावर येणाऱ्या म्हशीही दमलेल्या होत्या. निजले की झोप लागे, पण उठावे तर अंग कालच्याइतकेच ठणकत असे. न्हाव्याचा हात अर्ध्या गालावर थांबे आणि गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन घरी जाई. भांडणेसुद्धा धड होत नसत. एकाने शिवी हासडावी, दुसऱ्याने तिला उत्तर शोधावे, आणि तेवढ्यात दोघांनीही एकाच ओट्यावर टेकावे.

असे का झाले ते आधी सांगतो, म्हणजे पुढे कोणी वाट चुकायला नको.

फार मागे, या राजाच्या आजोबांच्या काळी, राज्यात तीन वर्षे दुष्काळ पडला. तेव्हा माळावरच्या जखिणीने आपले सात रांजण उघडले. त्यांत सोनजोंधळा होता, म्हणजे सोन्याचेच दाणे, पण जोंधळ्यासारखे गोल नि टपोरे. मूठभर दाण्यांत महिन्याचे धान्य येई. जखीण म्हणाली, "राजा, हे सारखे वाट. घराला बारा पायल्या. मग दर बारा वर्षांनी मला सांगायला ये, माझे दाणे कुठे साठले आणि कुठे आटले. खरे सांगशील तोवर माझे काही म्हणणे नाही. खोटे सांगितलेस तर तुझ्या प्रजेचा विसावा काढून घेईन आणि याच रांजणांत भरून ठेवीन." आजोबा राजाने लगेच मान डोलावली. दुष्काळात माणसाच्या मानेला फार जोर नसतो.

दाणे वाटले. पण वाटलेले दाणे जागच्या जागी थोडेच बसतात? या घरातून त्या घरात, त्या घरातून पलीकडच्या वाड्यात, असे ते हळूहळू चालू लागले. बारा वर्षांनी राजाच्या मापाऱ्याने घरोघर पायली लावली आणि जखिणीला कळवले, "सर्वांत भरल्या घरी चाळीस पायल्या, सर्वांत रित्या घरी नऊ." पुढच्या बारा वर्षांनी पुन्हा तेच, चाळीस आणि नऊ. त्यापुढच्या खेपेलाही चाळीस आणि नऊ. तीन वेळा जखिणीने ऐकून घेतले. चौथ्या वेळी ती म्हणाली, "अंतर एवढेच असेल, तर माळावरून जाणारी माणसे इतकी वाकून का जातात?" मापाऱ्याने पुन्हा चाळीस आणि नऊच सांगितले. तिने रांजणांवर झाकणे ठेवली, आणि त्या दिवसापासून राज्यातला विसावा गेला.

त्याला आता तीन वर्षे झाली होती. ज्याचा शीण काठोकाठ भरे तो बसल्या जागी दगड होई. आधी पाऊल, मग पोटरी, मग गुडघा, असा दगड वर चढत जाई. विहिरीच्या काठावर घागरीसकट दोन दगड होते. धोबीघाटावर एक होता, वाकलेला. लोक त्यांना वळसा घालून जात. पहिल्या दगडाला सगळे रडले होते. चाळिसाव्याला रडायची ताकद कोणात उरली नव्हती.

या राज्याचा मापारी होता निंबाजी. शेवटच्या तीन मोजण्या त्याच्याच हातच्या, पहिली त्याच्या बापाची. पन्नाशी उलटून गेलेला, खांद्यावर पायली बांधून फिरणारा, बोलायला गोड माणूस. मोठ्यांच्या घरी त्याला मान होता आणि गरिबांच्या आळीत त्याला देवमाणूस म्हणत. एके सकाळी त्याने बायकोला हाक मारली, तर ती जात्यापाशी बसलेली. हात खुंट्यावर, डोळे उघडे.

"ऊठ की," निंबाजी म्हणाला.

"उठता येत नाही," सगुणा म्हणाली. "पाय बघा."

त्याने लुगड्याचा काठ वर केला. दोन्ही पावले घोट्यापर्यंत दगडाची झाली होती. तो तिथेच खाली बसला. चाळीस वर्षे एका ताटात जेवलेली ती माणसे. तो त्या पावलांवरून हात फिरवत राहिला. सगुणेनेच शेवटी विचारले, "किती दिवस लागतात हो, वरपर्यंत यायला?"

"आठ-नऊ," तो म्हणाला. मापाऱ्याला ठाऊक असते.

त्याच दिवशी राजाच्या दरबारात एक टिटवी आली. उंबरठ्यावर उतरली, लांब पायांनी तडतड चालत सिंहासनापर्यंत गेली आणि माणसाच्या वाणीने बोलली. कोणाला नवल वाटले नाही. नवल करायलाही जरा अंगात बळ लागते.

"जखिणीचा निरोप आहे," टिटवी म्हणाली. "तीन प्रश्न. सर्वांत जास्त आहे ते किती? सर्वांत कमी आहे ते किती? आणि या दोन टोकांमधले अंतर आजवर कोणी झाकले? आठव्या दिवशी, भर दुपारी, माळावर. उत्तर त्यानेच द्यावे ज्याने माप धरले. खरे निघाले तर विसावा परत. खोटे निघाले तर रांजण पुरून टाकीन, असे म्हणाली."

राजाने निंबाजीकडे पाहिले. "मापारी, ऐकलेस?"

"ऐकले, महाराज."

"खोट्या मापाला या राज्यात काय शिक्षा आहे?"

"मनगटापासून हात तोडतात, महाराज."

"तर मग नीट मोज," राजा म्हणाला, आणि डोके मागे टेकून त्याने डोळे मिटले.

*

निंबाजी पहिल्यांदा गेला गुणशेटच्या वाड्यावर. भरले घर म्हणजे गुणशेटचे, हे शेंबड्या पोरालाही माहीत होते.

इथे मापाची रीत सांगायला हवी. पायली काठोकाठ भरली की वर दाण्यांचा ढीग चढवता येतो, त्याला शीग म्हणतात. शीग हाताने पुसून काढली की माप सपाट होते. मोठ्यांच्या दारी शीग लावून मोजायचे, अशी निंबाजीच्या बापाने त्याला शिकवण दिली होती. मोठ्या माणसाच्या मापावरून हात फिरवणे म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलण्यासारखे. शिगेने मोजले की दाणे जास्त जातात आणि माप एकच भरते. शिगेवरून जे खाली ओघळेल ते मापाऱ्याचे, हीही त्यातलीच रीत. निंबाजी मापे मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नसे, "लाभ" म्हणत असे, जसे सगळेच मापारी म्हणतात. लाभ, दोन, तीन करत चाळिसाला थांबायचे, खालचे दाणे धोतराच्या सोग्यात बांधायचे, शेटच्या घरचा गूळ खायचा आणि निघायचे. तीन खेपा असेच झाले होते.

या खेपेला त्याने हात फिरवला. एकेक पायली सपाट केली. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या, बावन्नावर कोठी संपली.

गुणशेट ओसरीवर लोडाला टेकून बघत होता. तोही दमला होता, पण लोडाला टेकून. "मापारी," तो म्हणाला, "हाताला काही झाले का?"

"नाही शेटजी. आता देवघर उघडावे."

देवघरातले मोजायचे नाही, ही आणखी एक रीत. गुणशेटचे देवघर चौदा खणांचे होते आणि देव एका कोनाड्यात होता. शेट म्हणाला, "उघडा की. देवाला काय लपवायचे आहे?"

दार उघडले. आढ्यापर्यंत सोनजोंधळा भरलेला होता, नुसता पिवळा उजेड पडला होता. निंबाजीने पायली पुढे केली मात्र, दाणे सरसर मागे सरले. एकमेकांत शिरले, बारीक झाले, आणि बघता बघता अख्ख्या खोलीतला ढीग आटून देवापुढच्या वाटीत चिमूटभर उरला. गुणशेटने परदेशी मांत्रिकाला वर्षभर घरी जेवू घालून ही विद्या करवून घेतली होती. दाण्यांना माप दिसले की ते आटत.

"पाहा," गुणशेट म्हणाला, "नैवेद्यापुरते आहेत. मोजून घ्या."

निंबाजी बाहेर येऊन वाड्याच्या मागच्या दाराशी बसला. गुडघे दुखत होते. घरी दगड आतापर्यंत पोटरीला पोहोचला असेल, एवढेच त्याच्या मनात होते. टिटवी कुठूनशी येऊन समोर उभी राहिली.

"दाणे मापाला भितात," ती म्हणाली.

"ते मी पाहिले."

"पाठी मापाला भीत नाहीत. आत जाताना ते दाणे चालत गेले नव्हते."

निंबाजी उठला आणि हमालांच्या अड्ड्यावर गेला. म्हाळू नावाचा हमाल तिथे भिंतीला पाठ लावून उभा होता. बसला तर उठता येणार नाही, या भीतीने तो तीन दिवस बसला नव्हता.

"म्हाळबा, शेटच्या मागच्या दाराने तुम्ही काय वाहिलेत?"

"दाणं," म्हाळू म्हणाला. "गोणीमागं चार पायल्या."

"किती गोण्या, आठवते का?"

म्हाळू कसनुसा हसला. "मापारी, पूर्वी इचारलं असतंत तर सांगता आलं नसतं. रात्री झोपलं की दिसाचं वज्जं इसरायचो. आता शीण उतरतच न्हाई. तीन वरसांतली येकयेक खेप हितं हाय," असे म्हणून त्याने मानेखाली हात लावला. "ही पोळ्याच्या आदल्या दिसाची. ही पायऱ्यांवरनं घसरलो ती. समद्या मोजून सांगतो, पर हळू सांगीन."

तो हळू सांगत गेला. मग दुसऱ्याने सांगितले, मग तिसऱ्याने. अकरा हमाल होते. दोन दिवस निंबाजी त्यांच्या पाठींवरून सोनजोंधळा मोजत होता. सगळे मिळून दोन हजार तीनशे पायल्या भरल्या. तीन वर्षांपूर्वीचे ओझे कोणाच्या अंगात उरले नव्हते. ते किती, हे मात्र आता कोणालाच कळणार नव्हते.

*

चौथ्या दिवशी तो उतारावरच्या आळीत गेला. सगुणेचा दगड गुडघ्याच्या वर आला होता. तिने जात्याजवळच बसून त्याला भाकरी बांधून दिली होती. ती तिने आधीच भाजून ठेवली होती म्हणे. कधी, हे विचारायचे त्याला सुचले नाही.

उतारावर एकतीस घरे होती, एकाला एक लागून. तिथे निंबाजी नेहमी सपाट मापाने मोजत असे. चांगला हात फिरवून, जरा खोलगटच. तसे केले की आठाच्या नऊ होतात, आणि घरच्या बाईला बरे वाटते. म्हणून तर त्याला देवमाणूस म्हणत. आळीतल्या प्रत्येक घरात नऊ पायल्या भरत. पहिल्या घरी नऊ, दुसऱ्या घरी नऊ, थेट शेवटपर्यंत. त्या दाण्यांत एक दाणा काळपट होता. पहिल्या घरी दिसे तो, दुसऱ्या घरीही दिसे, आणि एकतिसाव्या घरी पायलीच्या काठाशी येऊन बसे. निंबाजीने तो तीन मोजण्यांत त्र्याण्णव वेळा पाहिला होता आणि त्र्याण्णव वेळा दुसरीकडे पाहिले होते.

पहिले घर ठकूबाईचे. तिने सूप भरून दाणे समोर आणून ठेवले.

"वैनी," निंबाजी म्हणाला, "या खेपेला मागचे दार लावून घ्या."

ठकूबाई हलली नाही. "मापारी, तुमी कधी असं बोलला न्हाई."

"नाही बोललो."

"आमाला बी इज्जत हाय. राजाच्या वहीत आमचं घर रिकामं लागलं तर पोरीला कोण करंल?"

"माझी घरची मांडीपर्यंत दगड झाली आहे, वैनी. चार दिवस उरलेत."

घराच्या कोपऱ्यात ठकूबाईची सासू बसली होती. ती गेल्या पावसाळ्यात दगड झाली होती. तिच्या खांद्यावर ओली धडुती वाळत घातली होती, कारण आळीत दोरी बांधायलाही कोणाला उभारी नव्हती. ठकूबाईने सासूकडे पाहिले आणि उठून मागच्या दाराला कडी घातली.

"ह्ये दाणं समद्या आळीचं," ती म्हणाली. "मोजणी आली की जी ती आपली मूठ आणून घालती. तुमी एका घरातनं निगाला की सूप मागल्या दारानं फुडं जातं."

"तुमची मूठ किती?"

तिने सुपातून आपली मूठ काढून त्याच्यापुढे धरली. पायलीत टाकले तर तळही झाकेना. तेव्हा निंबाजीने पायली बाजूला ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा दाणे बोटांनी मोजले. लाभ, दोन, तीन. एकशे चौदा दाणे होते.

"सर्वांत कमी हेच का, वैनी?"

ठकूबाईचा आवाज एकदम खाली आला. "न्हाई. आळीत येक बाई हाय. नाव सांगणार न्हाई. ती सुपाशी येती, मूठ घालती नि उघडती. मुठीत काय नसतं. आमी त्या येळेला कुणीबी सुपात बघत न्हाई."

निंबाजीला रडू आले. दमलेल्या माणसाचे रडणे ते, थोडेसेच येऊन थांबले. त्याने शीग पाहिली होती, सपाट पाहिले होते, पण माणसांनी एकमेकांसाठी मान वळवून इतकी वर्षे सांभाळलेले ते काहीच-नाही त्याने कधी मापात धरले नव्हते.

*

आठव्या दिवशी दगड सगुणेच्या गळ्याशी आला. निंबाजी पायली खांद्याला बांधून दारात थांबला होता. त्याचे पाऊल निघेना.

"जा," ती म्हणाली. "उशीर नका करू."

"हात जाईल बहुतेक."

"जाऊ दे. मला भरवायला दुसरा आहे ना." एवढे बोलायला तिला फार वेळ लागला.

माळावर सगळे राज्य जमले होते. जमले म्हणजे जिथे जागा मिळेल तिथे टेकले होते. राजा होता, प्रधान होता, गुणशेट मेण्यातून आला होता. उतारावरच्या बाया सर्वांत मागे उभ्या होत्या. सात रांजणांच्या मध्ये जखीण बसली होती, उंच, हिरव्या लुगड्यातली, पाय उलटे. टिटवी एका रांजणाच्या झाकणावर उभी होती.

"सर्वांत जास्त आहे ते किती?" जखीण म्हणाली.

"एका देवघरात दोन हजार तीनशे पायल्या, आणि कोठीत बावन्न. तीन वर्षांपूर्वीचे मला मोजता आले नाही. म्हणजे आहे ते याहून जास्त. किती जास्त, ते मला माहीत नाही."

बसलेल्यांतले बरेच जण उभे राहिले. गुणशेटने मेण्याचा पडदा ओढून घेतला.

"सर्वांत कमी आहे ते किती?"

"एक मूठ. तिच्यात काही नाही. ती कोणाची ते मी सांगणार नाही."

"कोणाची ते मी विचारलेलेच नाही. तिसरे सांग. हे अंतर कोणी झाकले?"

निंबाजीपुढे नावे होती. मांत्रिक होता, शेट होता, मागच्या दाराने फिरणारे सूप होते. राजाचा आजोबा होता, तो तर मेलेला, त्याच्यावर काहीही घातले तरी खपले असते. तो उजव्या हाताकडे पाहत म्हणाला, "मी झाकले. शेटच्या दारी मी शीग लावली, म्हणजे जास्त होते ते कमी दिसले. रीत म्हणून लावली असे मी सांगत आलो. खरे म्हणजे शिगेचे सांडलेले दाणे माझे होते आणि माझे घर त्यांवर चालत होते. आळीत मी सपाट मोजले, म्हणजे कमी होते ते जास्त दिसले. दया म्हणून मोजले असे मी सांगत आलो. खरे म्हणजे मला देवमाणूस म्हणवून घ्यायचे होते. तो काळा दाणा मी दर घरी ओळखला. चाळीस आणि नऊ हे आकडे तीन खेपा मीच दिले."

प्रधान उठला. "महाराज, शिक्षा ठरलेली आहे," तो म्हणाला, आणि शिपायाला कुऱ्हाड आणायला सांगू लागला. शिपाई उठायला लागला. त्याला उठायला जो वेळ लागला तेवढ्यात जखिणीने सातही झाकणे काढली.

रांजणांतून काहीच दिसले नाही. फक्त वारा आला, दळण झाल्यावर जात्याशी येतो तसा कोमट, पिठाचा वास असलेला. प्रधान कुऱ्हाडीचा शब्द तोंडात धरूनच आडवा झाला. शिपाई झोपला, राजा झोपला, मेण्याचे भोई मेण्याला टेकून झोपले. "ज्याचे त्याला," जखीण म्हणाली, "जितके घेतले होते तितके." निंबाजीने एवढे ऐकले, आणि पुढचे त्याला कळले नाही.

*

गुणशेट सर्वांत आधी उठला, त्याच दिवशी दिवे लागायच्या वेळी. त्याचा शीण तेवढाच होता. उठून त्याने पाणी मागितले. कोणी आणले नाही. त्याने भोयांना हाका मारल्या, हलवून पाहिले. शेवटी तो पायी घरी गेला आणि स्वतः घागर उचलून नदीवर निघाला. निम्मे पाणी त्याच्या अंगावरच सांडले. राजा दुसऱ्या दिवशी उठला आणि नदीच्या वाटेवर त्याला भेटला.

"शेट," राजा म्हणाला, "पाणी कुठे मिळते?"

प्रधान तिसऱ्या दिवशी उठला, कुऱ्हाड विसरून. मग वतनदार, पुजारी, वैद्य, एकेक करून. उठलेल्यांनी आधी आपली चूल पेटवली, मग बघितले की अख्खा माळ झोपलेल्यांनी भरला आहे आणि वर ऊन आहे. त्यांच्यावर सावली धरायला हवी होती, कुत्री हाकलायला हवी होती, दगडाची माणसे जागोजाग पुन्हा माणसे होऊन कलंडली होती, त्यांना विहिरीच्या काठावरून बाजूला घ्यायला हवे होते. हे सगळे थोड्या जणांना करावे लागले. रोज संध्याकाळी राजा माळावरून फिरे आणि कोण उठले, कोण अजून झोपले आहे, ते पाही. दहाव्या दिवशी हमाल झोपलेले होते. पंधराव्या दिवशी उतारावरची आळी झोपलेली होती. आकडा सांगायला आता मापाऱ्याची गरज नव्हती.

निंबाजी पाचव्या दिवशी उठला होता. उठल्या उठल्या तो घराकडे निघाला. सगुणा जात्यावर डोके टेकून झोपली होती. त्याने तिच्या पावलांना हात लावला. ती ऊन होती, मऊ होती, टाचांना भेगा होत्या. त्याने तिला उचलून वाकळेवर निजवले आणि तिच्या उशाशी बसला. आज उठेल, त्याला वाटले. एक घर, एक चूल, एकच अन्न. मग शीण तरी कितीसा वेगळा असणार?

ती सहाव्या दिवशी उठली नाही. सातव्या दिवशी घरातले पीठ संपले. निंबाजी दळायला बसला, आणि अर्ध्या पायलीला त्याचे दंड भरून आले. त्याने पाणी भरले, लाकडे फोडली, भाकरी थापली, ती फाटली, तशीच खाल्ली. दुपारी राजाने बोलावले की जाई. राजाने त्याच्या उजव्या हाताकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "हा राहू दे, कामाचा आहे. सगळ्या दारांत सारखाच फिरव." गुणशेटने देवघर स्वतःच उघडले. विद्या उतरली होती, दाणे आटले नाहीत. घागरी वाहून त्याच्या खांद्याला फोड आले होते. घराला बारा पायल्या पुन्हा ठरल्या, झोपलेल्यांच्या उशाशी नेऊन ठेवल्या. ते दाणे पुन्हा चालू लागणार, हे राजालाही माहीत होते. म्हणून मोजणी बारा वर्षांची तीन वर्षांवर आणली आणि देवघरात न मोजण्याची रीत मोडून टाकली.

विसाव्या दिवशी म्हाळू उठला. निंबाजीला वाटले, आता नक्की. एकविसाव्या दिवशी, बाविसाव्या दिवशी तो जात्याजवळ बसून सगुणेच्या श्वासाकडे बघत राहिला. गोण्या वाहणारा हमाल उठून कामाला लागला होता आणि त्याची बायको झोपलेलीच होती. आता त्याला कळत होते की तो उठायच्या आधी ती उठत होती आणि तो निजल्यावर ती निजत होती, आणि हे त्याने चाळीस वर्षांत एकदाही मोजले नव्हते. त्याला फार लाज वाटली. त्याने भांडी घासायला घेतली.

सव्विसाव्या दिवशी सकाळी सगुणेने डोळे उघडले. तिने आढ्याकडे पाहिले, भरलेल्या हंड्याकडे पाहिले, परातीतल्या जाड्याभरड्या पिठाकडे पाहिले.

"किती झोपले मी?"

"सव्वीस दिवस."

"आणि तुम्ही?"

"पाच."

निंबाजीने मान खाली घातली.

"सगळ्या राज्याची घरे मोजली मी," तो म्हणाला. "आपले राहून गेले."

"आता झाले ना मोजून," सगुणा म्हणाली. तिने वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि कुशीवर वळली. "मग मी अजून घटकाभर पडू का?"

"पड," तो म्हणाला, आणि घागर घेऊन नदीवर गेला.

सगुणेच्या अंगातला शीण असा उतरला. ऐकणाऱ्याचा उतरो, सांगणाऱ्याचा उतरो, आणि या दोघांसाठी आत चूल सांभाळत जी बसली असेल तिचा आधी उतरो.